ईर्यासमिती आणि धावते जीवन

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण झाली की तिच्या वाटचालीचा गौरव होतो. अहवालात हा शब्द येतो, मानपत्रात येतो, शुभेच्छा संदेशांत तर हमखास येतो. तो इतका सवयीचा झाला आहे की त्यातील 'चाल' कोणाच्या ध्यानात राहत नाही. वास्तविक पाहता जैन आगमांनी माणसाच्या चालण्याविषयी जे सूक्ष्म चिंतन केले आहे, ते अन्यत्र क्वचितच आढळते. केव्हा चालावे, कोणत्या वाटेने चालावे, चालताना दृष्टी कोठे असावी आणि मन कोठे असावे, या साऱ्याचा विचार तेथे झालेला आहे. धावपळीच्या आजच्या जीवनात या विचाराचे मोल काय, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास बाजारपेठेजवळच्या कोणत्याही जैन वस्तीत एक दृश्य सहज पाहावयास मिळते. पूजेची वस्त्रे परिधान केलेला एक श्रावक स्कूटरवरून देरासराकडे निघालेला असतो. मोबाईल कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबलेला असतो, दुकानाच्या किल्ल्या डिकीत असतात. दहा-बारा मिनिटांत पूजा उरकून दुकानाचे शटर उघडावयाचे असते. त्याच गल्लीतून दोन साध्वीजी गोचरीसाठी चाललेल्या असतात. हातात झोळी, दृष्टी पायापुढच्या जमिनीवर. मागून हॉर्न वाजतो. साध्वीजी बाजूला होतात. श्रावक एका हाताने गाडी सांभाळत 'मत्थएण वंदामि' म्हणतो आणि पुढे निघून जातो. यात श्रद्धा नाही असे कोण म्हणेल? श्रद्धा आहे, वेळ नाही.

त्या साध्वीजी ज्या रीतीने चालत असतात, तिला शास्त्रात ईर्यासमिती असे नाव आहे. ईर्या म्हणजे गमन. ईर्या, भाषा, एषणा, आदाननिक्षेपण आणि उत्सर्ग या पाच समितींमध्ये तिचा क्रमांक पहिला. पाच समिती आणि तीन गुप्ती मिळून अष्टप्रवचनमाता होतात. आई मुलाचे जसे संगोपन करते, तशा या आठ जणी संयमाचे संगोपन करतात, म्हणून त्या माता. या आठांमध्ये अग्रस्थान चालण्याला मिळाले, ध्यानाला किंवा तपाला नव्हे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

उत्तराध्ययन सूत्राच्या चोविसाव्या अध्ययनात ईर्यासमितीची चार अंगे सांगितली आहेत. पहिले आलंबन, म्हणजे चालण्याचे कारण. ज्ञान, दर्शन किंवा चारित्र्य यांसाठीच पाऊल उचलावे, उगाच नाही. दुसरे काल. चालण्याचा काळ दिवसाचा, कारण पायाखालचे दिसले पाहिजे. तिसरे मार्ग. आडवाट टाळावी. चौथे अंग यतना, आणि खरी खुबी त्यात आहे. साधूने चालताना युगमात्र भूमी पाहावी असे तेथे म्हटले आहे. युग म्हणजे बैलाच्या मानेवरचे जू. जुवाएवढी, साधारण चार हात जमीन पुढे पाहत चालावे. दृष्टी त्याहून लांब गेली तर बारीक जीव दिसत नाहीत. फार जवळ ठेवली तर जीव दिसेपर्यंत पाऊल पडलेले असते. ज्या कोणी हे अंतर ठरविले, तो अनेक वर्षे मातीच्या वाटांवरून अनवाणी चाललेला असला पाहिजे. दिगंबर परंपरेतील मूलाचार ग्रंथातही ईर्यासमिती आहे, आणि पिंछीधारी मुनींच्या पुढेही तीच चार हात भूमी आहे. या बाबतीत पंथभेद नाही.

याच अध्ययनात पुढे एक सूचना आहे, ती वाचून प्रथम आश्चर्य वाटते. चालताना साधूने इंद्रियांच्या विषयांकडे लक्ष देऊ नये, हे तर ओघानेच आले. पण त्याने पाच प्रकारचा स्वाध्यायही करू नये, असे शास्त्रकार सांगतात. वाचना, पृच्छना, परावर्तना, अनुप्रेक्षा, धर्मकथा यांतले काहीही नाही. ज्या स्वाध्यायाला श्रेष्ठ तपांमध्ये गणले, तोसुद्धा चालताना वर्ज्य! त्या वेळी साधूने चालण्यातच तन्मय व्हावे, चालणे हेच पुढे ठेवावे. एका वेळी दोन कामे करणारा माणूस हुशार समजला जाण्याच्या काळात ही आज्ञा फार जुनाट वाटेल. सकाळी फिरायला जाणारे अनेक श्रावक कानात यंत्र घालून प्रवचन ऐकत चालतात आणि वेळ सत्कारणी लागला म्हणून समाधान मानतात. प्रवचन ऐकणे वाईट नाही. मात्र उत्तराध्ययनाच्या दृष्टीने त्या वेळी ना धड प्रवचन होते, ना धड चालणे.

दशवैकालिक सूत्रात गोचरीला निघालेल्या मुनीविषयी सांगितले आहे की त्याने मंद गतीने, उद्वेग न ठेवता, चित्त विचलित होऊ न देता चालावे. घाईघाईने जाऊ नये. बोलत जाऊ नये, हसत जाऊ नये. उत्तराध्ययनाच्या सतराव्या अध्ययनात तर भरभर चालणाऱ्या, वारंवार प्रमाद करणाऱ्या साधूला 'पापश्रमण' असा कडक शब्द वापरला आहे. चोरी नाही, असत्य नाही, केवळ चालीतली घाई, आणि त्यासाठी एवढा कठोर शब्द.

या दशवैकालिकाच्या जन्माची कथा या सभागृहातील ज्येष्ठांना ठाऊक असेल. तरीही आजच्या विषयाच्या संदर्भात ती पुन्हा पाहण्यासारखी आहे. आचार्य शय्यंभव हे मूळचे वेदविद्येत निष्णात ब्राह्मण. त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा पत्नी गर्भवती होती. पुढे मुलगा झाला, त्याचे नाव मनक. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास तो पित्याच्या शोधात निघाला आणि त्यांच्यापाशीच दीक्षित झाला. ज्ञानी आचार्यांना कळले की या बालमुनीचे आयुष्य अवघे सहा महिने उरले आहे. इतक्या अल्पावधीत विशाल आगमांचा अभ्यास कसा होणार? म्हणून त्यांनी पूर्वशास्त्रांतून सार काढून दहा अध्ययनांचे लहान सूत्र रचले. तेच दशवैकालिक. सहा महिन्यांनी बालमुनी कालवश झाला, तेव्हा आचार्यांच्या डोळ्यांत अश्रू आले आणि हा त्यांचा पुत्र होता हे शिष्यांना तेव्हा समजले, अशी परंपरा सांगते.

ज्याच्याजवळ सहा महिनेच उरले आहेत, त्याच्याइतकी घाई जगात दुसऱ्या कोणाला असेल? पित्याने ग्रंथ संक्षिप्त केला, शब्द कमी केले, अध्ययने दहावर आणली. पण त्या संक्षिप्त ग्रंथात त्याने मुलाला काय शिकविले? चौथ्या अध्ययनात प्रश्न येतो की कसे चालावे, कसे उभे राहावे, कसे बसावे, कसे झोपावे, कसे जेवावे, कसे बोलावे, म्हणजे पापकर्माचा बंध होणार नाही. उत्तर एकच येते. हे सारे यतनेने करावे. पाचव्या अध्ययनात पुन्हा, सावकाश चालावे. आयुष्य आखूड आहे म्हणून पावले लांब टाक, असे त्या पित्याने लिहिले नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. अलीकडे सावकाश हालचालींच्या साधनांचा मोठा बोलबाला आहे. चीनमधील ताई-ची आहे, बौद्धांचे चंक्रमण आहे, योगवर्ग आहेत. तेरापंथ संघात आचार्य महाप्रज्ञ यांनी १९७५ साली प्रेक्षाध्यानाची पद्धती साकारली, तीत चालण्यालाही ध्यानाचे स्थान आहे. या सर्वांनी शरीराला आराम आणि मनाला शांती मिळते असा अनुभव लोक सांगतात, आणि तो खरा असणार. परंतु ईर्यासमितीचा मूळ हेतू चालणाऱ्याची मनःशांती हा नाही. तिचा हेतू चार हात भूमीवर जो दुसरा जीव आहे, तो हा आहे. मुंगी, अळी, अंकुर, ओली माती. साधू हळू चालतो तो स्वतःचा ताण घालविण्यासाठी नव्हे, तर पुढच्याला वाट देण्यासाठी. शांती त्याला मिळतच असेल, पण ती मागून येते, मापात थोडे जास्त पडलेल्या कापडासारखी.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेची व्याख्या केली आहे, तीत प्राणहरणाच्या आधी प्रमादाला स्थान दिले आहे. आचार्य कुंदकुंदांनी प्रवचनसारात हाच विचार पुढे नेला. जीव मरो अथवा न मरो, जो बेसावध आचरण करतो त्याला हिंसा लागतेच. जो समितीने, सावधपणे वागतो, त्याला केवळ जीव पायाखाली येऊन मेला एवढ्याने बंध होत नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर हा हिशेब रोजच्या रोकड वहीहून निराळा आहे. रस्त्याने घाईत धावत गेलेल्या माणसाच्या पायाखाली एकही मुंगी आली नाही, तरी त्याच्या खात्यावर नावे पडलेच. जमाखर्चाची ही रीत एकदा समजली म्हणजे 'कोणाचे काही बिघडले का?' हा घाई करणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न फोल ठरतो.

हे सारे साधूंसाठी, श्रावकाचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर रोज सकाळ-संध्याकाळ श्रावकाच्या ओठांवर असते. सामायिक असो, प्रतिक्रमण असो, आरंभी इरियावहियं सूत्र येते. सूत्र अगदी लहान. जाता-येता माझ्याकडून जे जीव दुखावले गेले त्यांची क्षमा, एवढाच त्याचा विषय. पण त्या दुखावण्याचे दहा प्रकार त्यात मोजले आहेत. समोरून येऊन धडक दिली, धुळीने झाकले, जमिनीशी घासले, एकमेकांवर गोळा केले, स्पर्शाने त्रास दिला, ताप दिला, थकविले, घाबरविले, एका जागेवरून दुसऱ्या जागी हलविले आणि शेवटी जीवितापासून वेगळे केले. मरण या यादीत दहावे आहे. त्याच्या आधीचे नऊ गुन्हे असे आहेत की ज्यांची नोंद जगातील कोणत्याही कचेरीत होत नाही.

या सूत्रावर पूर्वाचार्यांनी एक गणित मांडले आहे, ते व्यापारी समाजाला विशेष आवडावे. देवांचे १९८, नारकींचे १४, तिर्यंचांचे ४८ आणि मनुष्यांचे ३०३ असे जीवांचे एकूण ५६३ भेद. त्यांना विराधनेच्या १० प्रकारांनी गुणले की ५,६३०. राग आणि द्वेष या दोहोंनी ११,२६०. मन, वचन, काया या तीन योगांनी ३३,७८०. करणे, करविणे, अनुमोदणे यांनी १,०१,३४०. भूत, वर्तमान, भविष्य या तीन काळांनी ३,०४,०२०. अरिहंत, सिद्ध, साधू, देव, गुरू आणि आत्मा या सहांच्या साक्षीने १८,२४,१२०. इतके 'मिच्छामि दुक्कडम्' त्या एका लहान सूत्रात सामावले आहेत. आणि ते सूत्र म्हणावयास कित्येक जणांना एक श्वासही पुरून उरतो!

बालमुनी अतिमुक्तक, ज्यांना अयवंता मुनी म्हणून सारे ओळखतात, यांनी पावसाच्या पाण्यात पात्र सोडून नाव-नाव म्हणत खेळ केला होता. परंपरेनुसार पुढे इरियावही करताना त्यांना त्या पाण्यातील जीवांचे असे काही स्मरण झाले की तेथेच केवलज्ञान प्रकटले. पर्युषणात ही कथा सांगितली जाते आणि सारे ऐकतात. ऐकून झाल्यावर तेच सूत्र पुन्हा त्याच वेगाने म्हटले जाते.

बाजारपेठेतील एका कापड दुकानदाराची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. गृहस्थ नियमाने देवसी प्रतिक्रमण करणारे. दिवाळीपूर्वीचे दिवस होते, गिऱ्हाइकांची गर्दी होती. शटर ओढता ओढता सूर्यास्त होऊन गेला. कटासणे काखेत मारून ते उपाश्रयाच्या पायऱ्या दोन-दोन करीत चढले. वळणावर एका वृद्ध श्राविकेला त्यांच्या कोपराचा धक्का लागला. काठी हातातून सुटून तीन पायऱ्या खाली गेली. त्या कठड्याला धरून कशाबशा सावरल्या. "माफ करा बा," असे म्हणत त्यांनी काठी उचलून दिली आणि ते आत धावले. "असू दे भाई, आधी जागा धर," असे त्या म्हणाल्या.

आत सूत्रे सुरू झालीच होती. इरियावही आले. विराधनेच्या यादीतला पहिलाच शब्द, समोरून येऊन धडक दिली. चाळीस वर्षे रोज उच्चारलेला तो शब्द त्या संध्याकाळी त्यांच्या घशात अडकला. बाकीची मंडळी पुढच्या सूत्रावर गेली, हे तेथेच राहिले. किडा-मुंगीची क्षमा मागण्यासाठी येताना त्यांनी पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला पायऱ्यांवरून पाडले असते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुकान पंधरा मिनिटे आधी बंद करण्यास सुरुवात केली. मुलगा वाणिज्य शाखेत शिकलेला. ऐन हंगामात पंधरा मिनिटे म्हणजे किती विक्री गेली, असे त्याने विचारले. वडिलांनी महिनाभर एका वहीत टिपून ठेवले. बंद दुकानावरून परत गेलेली गिऱ्हाइके शेजारच्या दुकानदाराकडून त्यांना कळत असत. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी आले. काही आले नाहीत. नुकसान झाले नाही असे नाही, पण ते भीतीच्या मानाने फार थोडे निघाले. मुलाने वही पाहिली आणि पुन्हा विषय काढला नाही. त्या गृहस्थांनी मात्र एक गोष्ट कबूल केली की पायऱ्या एकेक करून चढण्याची सवय लागण्यास पंधरा मिनिटे हाताशी असूनही दोन महिने लागले. पाय ऐकत नव्हते.

श्रावकाच्या क्रियांमध्ये सावकाशपणाचे शिक्षण किती ठिकाणी पेरून ठेवले आहे, हे पाहिले म्हणजे पूर्वाचार्यांच्या दूरदृष्टीचे कौतुक वाटते. खमासमण देताना दोन गुडघे, दोन हात आणि मस्तक ही पाच अंगे जमिनीला लागतात, पण ती टेकविण्यापूर्वी चरवळ्याने जागा पुंजावी लागते. शरीराच्या सतरा सांध्यांचे प्रमार्जन करावे, असे विधी सांगतो. कायोत्सर्ग घड्याळावर मोजला जात नाही, श्वासांवर मोजला जातो. दैवसिक प्रतिक्रमणाचा १०० श्वासांचा, पाक्षिकाचा ३०० चा, चातुर्मासिकाचा ५०० चा आणि सांवत्सरिकाचा १,००८ श्वासांचा. श्वास ज्याचा त्याचा असतो, तो दुसऱ्याच्या घाईने चालत नाही.

त्यातही मुहपत्तीचे पडिलेहण ही क्रिया विशेष अभ्यासण्याजोगी आहे. एक वेत चार अंगुळे लांबी-रुंदीचा पांढरा सुती तुकडा, घडी घातलेला. उकिडवे बसून, दोन्ही हात गुडघ्यांच्या आत ठेवून तो उलगडावयाचा. दोन्ही बाजू नजरेखालून घालावयाच्या. मग बोटांच्या बेचक्यांत त्याचे पदर धरून तो हाताला स्पर्श न होऊ देता किंवा अलगद स्पर्श करीत फिरवावयाचा. पदर धरण्याच्या या रीतीला वधूटक म्हणतात, कारण ते पदर पडद्यातील वधूप्रमाणे खाली लोंबतात. कापडाचा धंदा करणाऱ्यांनाही इतके नाजूक नाव सुचले नसते! प्रत्येक हालचालीबरोबर एक बोल मनात म्हणावयाचा. असे पन्नास बोल. पंचवीस मुहपत्तीच्या पडिलेहणाचे, पंचवीस शरीराच्या. डाव्या हाताशी हास्य, रती, अरती सोडावयाच्या. उजव्या हाताशी भय, शोक, दुगंछा. मस्तकाशी तीन अशुभ लेश्या, मुखाशी तीन गारव, छातीशी तीन शल्ये, खांद्यांशी चार कषाय आणि पायांशी सहा कायांच्या जीवांचे रक्षण. श्राविकांसाठी चाळीस बोल आहेत. हात, वस्त्र, शब्द आणि मन यांना एका दोऱ्यात ओवणारी ही क्रिया आहे. पायांपाशी येताना सहा काय यावेत, कारण पायांनीच त्यांची विराधना होते, ही योजना किती विचारपूर्वक आहे!

प्रत्यक्षात काय घडते? मुहपत्ती उलगडली, दोन झटके दिले, डोक्यावरून-छातीवरून फिरविली, झाले. दहा सेकंद. उत्तराध्ययनाच्या सव्विसाव्या अध्ययनात पडिलेहणाचे दोष सांगितले आहेत, त्यांत घाईने करणे आहे आणि धूळ झटकावी तसे वस्त्र झटकणेही आहे. पडिलेहण करताना जो गप्पा मारतो, इतकेच नव्हे तर जो दुसऱ्याला पच्चक्खाण देतो किंवा पाठ देतो-घेतो, तोही सहा कायांचा विराधक होतो, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. चालताना स्वाध्याय नको आणि वस्त्र पाहताना पच्चक्खाणसुद्धा नको. दोन्ही ठिकाणी धोरण एकच.

घराघरांतून ही यतना 'जयणा' या सोप्या नावाने नांदत होती. चूल पेटविण्यापूर्वी पुंजणीने ती पुंजणारी, धान्य सुपात घेऊन दाणा न् दाणा पाहणारी, पाणी गाळल्यावर गाळण्यातील जीव पुन्हा पाण्यात सोडणारी आजी कोणत्याही शिबिराला गेलेली नव्हती. पुरुषांनी ग्रंथांत सांभाळलेला विचार स्त्रियांनी हातांत सांभाळला, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. आज निवडलेली डाळ पिशवीतून येते आणि गाळलेले पाणी बटणावर येते. सोय झाली हे खरेच. पण त्या कामांबरोबर हातांना मिळणारे शिक्षणही गेले आणि त्याच्या जागी दुसरे काही आलेले नाही.

आता थोडे अप्रिय, पण सुवर्णमहोत्सवी वर्षात ते बोलले जावे. श्रावकांची घाई केवळ श्रावकांपुरती राहिलेली नाही. ती पूज्य साधू-साध्वींच्या पायांपर्यंत पोहोचली आहे. विहारात महामार्गांवर वाहनांच्या धडकेने साधू-साध्वी कालधर्म पावल्याच्या किंवा जायबंदी झाल्याच्या बातम्या वारंवार वाचावयास मिळतात. गावोगावचे तरुण पहाटे उठून, चमकणारे पट्टे असलेली जाकिटे घालून विहारसेवेत बरोबर चालतात, त्यांचे करावे तेवढे कौतुक थोडे आहे. परंतु शास्त्राने चालण्याचा काळ दिवसाचा सांगितला असता साध्वीजी अंधारात महामार्गावर का असतात, हा प्रश्न तरीही उरतो. ऊन, तापलेला डांबरी रस्ता, दोन गावांमधील अंतर ही कारणे खरी आहेत. आणखी एक कारण आहे, ते मात्र निमंत्रण पत्रिकेवर छापलेले असते. प्रवेशाची तारीख, महापूजनाची तारीख, स्वामिवात्सल्याची तारीख. मांडव ठरला, आचारी ठरला, प्रमुख पाहुण्यांची वेळ मिळाली आणि मग गुरुभगवंतांना विनंती होते की अमुक तारखेपर्यंत पोहोचावेच. संघ प्रेमानेच बोलावतो. पण ज्या दिवशी कार्यालयात पत्रिकेचा मजकूर छपाईला जातो, त्या दिवशी शे-दोनशे किलोमीटर दूर असलेल्या एखाद्या वयोवृद्ध साध्वीजींच्या रोजच्या विहाराचे अंतर ठरून जाते. बारा किलोमीटरचे वीस होतात. चार हात भूमी पाहण्यास मग ना उजेड राहतो, ना अवकाश. ज्या दर्शनासाठी हा सारा खटाटोप, ते चालणेच संघाने त्यांच्यापासून काढून घेतलेले असते.

शत्रुंजयाच्या छ'री पाळणाऱ्या संघात सहा नियम असतात, त्यांतला एक पादचारी असण्याचा. वाहन दाराशी असूनही माणसे मुद्दाम पायी जातात, कारण यात्रा पोहोचण्यात नसून जाण्यात आहे हे त्यांना उमगलेले असते. तीच समज पत्रिका छापताना का राहू नये?

एका लहान गावच्या संघाने काही वर्षांपूर्वी ती ठेवली. चातुर्मास प्रवेशाची पत्रिका छापताना त्यांनी तारीख छापलीच नाही. 'आषाढ शुद्ध पक्षात, चातुर्मास बसण्यापूर्वी, पूज्य साध्वीजी महाराज सुखरूप पोहोचतील त्या दिवशी' एवढेच छापले. कुरकुर पुष्कळ झाली. आचाऱ्याला काय सांगावयाचे, बाहेरगावच्या लेकी-जावयांनी सुट्टी कधी घ्यावयाची, बँडवाल्यांचा विसार कोणत्या दिवसाचा द्यावयाचा. विश्वस्तांपैकी दोघांनी तर बैठकीत लेखी विरोध नोंदविला. साध्वीजी अपेक्षेपेक्षा तीन दिवस उशिरा, एका गुरुवारी सकाळी, चांगले उजाडल्यावर वेशीपाशी आल्या. पाच ठाणे होते. सर्वांत ज्येष्ठ साध्वीजी मध्यभागी होत्या. वेस ते उपाश्रय हे अंतर जेमतेम एक किलोमीटर. पावसाची पहिली सर येऊन गेली होती, रस्त्याच्या कडेला तांबडे किडे निघाले होते आणि गवताचे कोंब वर आले होते. ज्येष्ठ साध्वीजी चार पावले चालत, थांबत, पाहत आणि वाट काढून पुढे पाऊल टाकत.

सामैयाच्या मिरवणुकीत पुढे बँड होता. त्याने नेहमीची चाल धरली आणि पाहता पाहता तो शंभर पावले पुढे निघून गेला. कार्यकर्त्यांनी धावत जाऊन त्याला परत आणले. त्याने ताल कमी केला, तरीही तो पुढेच जाई. तिसऱ्यांदा परत आल्यावर बँडच्या म्होरक्याने मागे वळून पाहिले. त्याला काय दिसले कोण जाणे. त्याने हात वर करून वाजविणे थांबविले, वाद्ये काखेत घ्यावयास सांगितले आणि ती पंधरा माणसे, पायातील जोडे काढून, साध्वीजींच्या मागे चालू लागली. उपाश्रयात पोहोचावयास एक तास लागला.

जय जिनेंद्र.